सुट्ट्या कार्डांचं टेबल

मीनल देवस्थळींच्या टेबलावर एकही नामवंत खेळाडू नव्हता. अडीच हजार बेसबॉल कार्डं, सगळी साठ-सत्तरच्या दशकात अमेरिकेत छापलेली, आणि त्यावरचे चेहरे असे की त्यांच्या गावातही आता कोणी ओळखणार नाही. इंग्लंडमधल्या रीडिंग गावच्या एका हॉलमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी कार्डांचा बाजार भरतो. तिथले जाणते लोक असला माल खोक्याने विकून टाकतात. मीनलताई एकेक विकत. कोपरे टोकदार असतील तर एक पौंड, झिजलेले असतील तर पन्नास पेन्स, आणि कुण्या पोराने पेनाने मिशा काढल्या असतील तर वीस.

ही अक्कल मिरजेची. वडिलांचं बायकांच्या झंपरांना लागणाऱ्या बटणं-लेसचं दुकान होतं. डझनाला घासाघीस करणारं गिऱ्हाईक हरवलेल्या एका बटणासाठी गाव पालथं घालतं, हे मीनलताईंनी लहानपणीच पाहिलं होतं. कौन्सिलच्या नोकरीतून रिटायर झाल्यावर त्यांनी ही कार्डं घेतली, तेव्हा मुलगी शाल्मली म्हणाली, "आई, सिरियसली? तुला बेसबॉलचे रूल्स तरी माहितीयत का?"

"बाबा तरी कुठे झंपर घालायचे?" मीनलताई म्हणाल्या.

त्या रविवारी दार उघडताच ग्रेग आला. बाजार भरवणारा तोच, आणि सर्वांत मोठा विक्रेताही तोच.

"चाळीस पौंडांत सगळं देऊन टाका," तो म्हणाला. "नाहीतर पुढच्या महिन्यापासून हे टेबल दुसऱ्याला. उगाच जागा अडते."

मीनलताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण भवानीचं गिऱ्हाईक रिकाम्या हाती पाठवायचं नसतं. त्यांनी खोक्यातून एक कार्ड काढून त्याच्यापुढे धरलं. "पन्नास पेन्स. बाकीची एकेक विकायची आहेत."

ग्रेगने हसत नाणं टाकलं. त्यांनी ते कपाळाला लावलं आणि डब्यात ठेवलं.

दुपारपर्यंत शुकशुकाट होता, आणि त्यांना भीती वाटली, खोटं कशाला सांगा. मग ग्लासगोहून आलेला एक म्हातारा यादी घेऊन उभा राहिला. त्याच्या संचात एकोणीस कार्डं कमी होती. चौदा मिळाली. त्याने फोन करून बाजारातच फिरणाऱ्या दोस्तांना सांगितलं. तीनपर्यंत टेबलापुढे सात जण होते, प्रत्येकाच्या हातात आपापल्या उणिवांची यादी.

ग्रेग पुन्हा आला. "शंभर देतो. सगळ्याचे."

"नाही."

"मग टेबलाचं सांगितलंय मी."

"पुढच्या महिन्यात येणार ना तुम्ही?" म्हाताऱ्याने मीनलताईंना विचारलं. "माझी पाच राहिलीत."

"मी येणारच. आत टेबल नसेल, तर बाहेर कार पार्कमध्ये गाडीची डिकी उघडून बसेन," मीनलताई म्हणाल्या. "आत की बाहेर, ते यांना विचारा."

सातही माणसं ग्रेगकडे वळली.