माकणीच्या रानातला पहिला खेळ

सोलापूरहून निघालेली आमची गाडी नळदुर्गाजवळच्या ढाब्यावर थांबली. वैदेहीने ज्वारीची भाकरी मोडली, पण घास घेतला नाही. वैदेही माझी जुनी विद्यार्थिनी. चाकोरीबाहेर जगणाऱ्या माणसांवर ती माहितीपट करते. आज गावात पहिल्यांदा दाखवायच्या तिच्या नव्या माहितीपटाच्या निवेदनाची भाषा मी तपासली होती, म्हणून सोबत आले होते.

"अक्का नको म्हणाल्या तर?" मी विचारले.

"तर माहितीपट कायमचा बंद. शब्द दिलाय, बाई."

अक्का म्हणजे सागराबाई. लग्न न करता त्या माकणीच्या शिवारात मेंढरे राखतात. वडिलांच्या माघारी कळप त्यांनीच वाढवला. सुगी सरली की शेतकरी खतासाठी कळप आपल्या रानात बसवून घेतात आणि बदल्यात ज्वारी देतात. हे बोलणे मात्र पुरुषांनीच करायचे, अशी रीत. त्यामुळे गाव बोलते ते त्यांच्या धाकट्या भावाशी, मारुतीशी. मालक म्हणूनही तोच ओळखला जातो. चित्रीकरणाला होकार देताना सागराबाईंनी एकच अट घातली होती: "आधी गावाला दाखव. गाव मला हसलं, तर पिच्चर बंद."

महामार्गावरचे ट्रक मागे टाकून आम्ही लोहाऱ्याकडे वळलो. ज्वारी निघालेली काळी राने दुतर्फा पसरली होती आणि माकणीजवळ धरणाचे पाणी रेघेसारखे चमकत होते. सागराबाई वाघूर (मेंढरे कोंडण्याचे जाळे) ताणून बांधत होत्या. त्यांनी हुलग्याचे गरम माडगे (कुळथाच्या पिठाची पातळ पेज) पुढे केले.

"ह्या कोन गं?"

"माझ्या शाळेतल्या बाई."

"बाई, हिला कधी मारलं व्हतं का न्हाय?"

"नाही," मी म्हणाले.

"तरीच लई हट्टी हाय."

दिवस मावळल्यावर तिथेच रानात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला पांढरे कापड बांधले. गाव जमले. पडद्यावर कळपापुढे चालणाऱ्या सागराबाई दिसताच मागून कोणी म्हणाले, "मालक तर हितं बसलाय." मारुतीकडे पाहून लोक हसले. सागराबाईंनी पदर तोंडाशी नेला. वैदेही प्रोजेक्टर बंद करायला उठली.

तेवढ्यात पडद्यावरच्या सागराबाईंनी कळपाला साद घातली. मागच्यांना ऐकू यावे म्हणून आम्ही आवाज मोठा ठेवला होता. वाघुरीतला कळप उठला, जाळ्याच्या खुंट्या उखडल्या आणि सगळी मेंढरे माणसांमधून वाट काढत पडद्याखाली येऊन उभी राहिली. मारुती धावला, त्याने हुबेहूब तशीच साद घातली. एकाही मेंढराने मान वळवली नाही.

सागराबाई उठल्या आणि हलकेच एक हाक देऊन चालू लागल्या. कळप मुकाट त्यांच्या मागे निघाला.

गाव खदखदून हसत होते. मारुतीही हसत होता. "म्या हाक मारली तर एक बी येईना बगा," तो म्हणाला.

आजवर मारुतीशीच सौदा करणारे विठ्ठलआबा नावाचे वृद्ध शेतकरी काठी टेकत वाघुरीपाशी गेले.

"सागराबाई, आमचं रान मोकळं झालंय. कळप बसवता का?"

"मारुतीला इचारा की."

"त्येला इचारून काय करू? त्येचं मेंढरू बी ऐकंना."

"मंग ज्वारीचं आधी ठरवू," सागराबाई म्हणाल्या.

वैदेही भीत भीत जवळ गेली. "अक्का, गाव हसलं."

"हसलं की. मला न्हाय हसलं. राहिलेला पिच्चर लाव."

सकाळी त्या आबांच्या रानाकडे निघाल्या. जाताना वैदेहीला म्हणाल्या, "दुसऱ्या गावात लावशील तवा आजूबाजूला मेंढरं बघून घे."

दुसऱ्याचे जगणे दाखवायचे, तर त्याच्या दारात त्याच्या होकारासाठी थांबावे लागते. हा धडा वैदेहीला मी शिकवला नव्हता. तो मला तिच्याकडून मिळाला. परतीच्या वाटेवर त्याच ढाब्यावर तिने दुसरी भाकरी मागवली. मी निवेदनाचे कागद काढले. "हा कळप सागराबाईंचा आहे," हे आमचे पहिले वाक्य होते. ते आता सांगायची गरज उरली नव्हती. मी ते खोडले आणि निवेदनाऐवजी तिथे लिहिले: सागराबाईंची साद.