चपलांच्या ढिगापाशी

शाळेत माझ्या वाट्याला एकच खेळ आला होता, चपला राखण्याचा. खो-खोचा डाव मांडला की मुली लिंबाखाली चपला काढायच्या आणि पी.टी.चे सर माझ्याकडं बोट करून म्हणायचे, "तू बस तिथं. चपला राख." पोलिओनं माझा उजवा पाय लहानपणीच वाळवून टाकला होता. त्याला मांडीपासून लोखंडी पट्ट्यांचं कॅलिपर आणि खाली जाडजूड बूट. सर काही वाईट माणूस नव्हते. पोरीला रिकामं बसवण्यापेक्षा काम दिलेलं बरं, असं त्यांना मनापासून वाटायचं. मला मात्र दर शनिवारी रडू यायचं आणि रडायची लाज वाटायची म्हणून मी चिडून बसायची. कुणाची चप्पल कुठल्या बाजूनं झिजते हे मला तोंडपाठ होतं, पण मैदानावरच्या फक्कीच्या पांढऱ्या रेघेआत दोन वर्षांत माझं पाऊल एकदाही पडलं नव्हतं. एकदा तरी त्या रेघेच्या आत जायचं, सगळ्यांनी बघायचं, एवढंच मला हवं होतं.

त्याच सुमारास आमचा निलंगा तालुका उस्मानाबाद जिल्ह्यातून निघून नव्या लातूर जिल्ह्यात आला. जिल्हा नवा आला, पण पाऊस जुन्याच सवयीनं गैरहजर राहिला. गावातल्या विहिरी आटल्या. आमच्या बौद्ध वस्तीतला हापसा तेवढा पाणी देत राहिला. एरवी आमच्या गल्लीला वळसा घालून जाणाऱ्या बायाही मग घागरी घेऊन तिथं रांगेत उभ्या राहू लागल्या. घसा कोरडा पडला की वाट आपोआप सरळ होते.

मला भरली घागर घेऊन चालता येत नव्हतं, म्हणून मायनं मला हापशाशेजारच्या उंच दगडावर बसवलं. "तू हापस, आम्ही नेतो," ती म्हणाली. शाळेआधी आणि शाळेनंतर मी हापसत राहायची. रांगेतली एक म्हातारी रोज म्हणायची, "देवानं पाय न्हाई दिला पोरीला, पर हात लई दिलेत."

"दोनच दिलेत, मावशे. घागर लाव," मी म्हणायची.

एका संध्याकाळी रांगेत आमचे सर उभे दिसले. हातात बादली, गळ्यात शिट्टी. त्यांच्या घरचंही पाणी गेलं होतं. त्यांचा नंबर आला तशी मी बादली भरून दिली, पण ते हलेनात. माझ्या दंडाकडं बघत राहिले. मागच्या बाया ओरडायला लागल्या तेव्हा बाजूला झाले आणि म्हणाले, "उद्या मैदानावर ये."

"चपला राखायला येतेच की, सर."

"न्हाई. गोळा टाकायला."

झालं होतं असं की नव्या जिल्ह्याच्या पहिल्या क्रीडास्पर्धा लातूरला ठरल्या होत्या आणि शाळेला आलेल्या कागदात अपंग मुलींसाठी एक रकाना होता: बसून गोळाफेक. रकाना रिकामा जाऊ नये अशी हेडमास्तरांची ताकीद होती. म्हणजे माझी निवड गुणांवर झाली की रकान्यावर, हे आजही सांगता येत नाही. मी तेव्हा फारशी चौकशी केली नाही.

आधी हेडमास्तरांची खुर्ची आणली, पण तिच्या हातांना माझं कोपर लागायचं. मग क्लार्कची बिनहाताची लाकडी खुर्ची मिळाली. पहिला गोळा मी सगळा जीव लावून टाकला. गोळा पुढं गेला, मी खुर्चीसकट मागं. अख्खी शाळा हसली. मी मातीत पडल्या पडल्याच सरांना म्हणाले की मला यायचंच नव्हतं, तुम्हीच आणलंत. ही चक्क थाप होती. दुसऱ्या दिवशी सर चार लोखंडी मेखा आणि बैलाचा कासरा घेऊन आले, मेखा ठोकल्या आणि खुर्चीचे चारी पाय आवळून बांधले.

"बैलावाणी बांधलंय की, सर."

"तुला पळता येत न्हाई, पर तुझ्या खुर्चीला येतंय ना," ते म्हणाले. त्या माणसाला विनोद करता येतो हे मला तेव्हा कळलं.

मग महिनाभर रोज सराव. "फेकू नको, ढकल. हापशाचा दांडा ढकलतीस तसा." हापशाचा दांडा मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

स्पर्धेच्या दिवशी आमची खो-खोची टीम, सर आणि मी एस.टी.त आणि क्लार्कची खुर्ची टपावर, असे आम्ही लातूरला पोचलो. मैदानावर मांडव होता, स्टेज होतं, हार होते. नवा जिल्हा, त्यामुळं पाहुणे उदंड आणि खुर्च्या कमी. सर नाव नोंदवायला गेले तेवढ्यात बिल्ला लावलेला एक माणूस आला. "ताई, जरा उठा, पाहुणे आलेत," म्हणत त्यानं मला दंडाला धरून सतरंजीवर बसवलं आणि आमची खुर्ची उचलून स्टेजवर नेली. तिच्यावर एक चांगले भरघोस पाहुणे बसले. खुर्ची कुरकुरली ते मला खालपर्यंत ऐकू आलं.

सर परतले ते तोंड पाडून. एक तर मैदान उन्हानं असं कातळ झालं होतं की मेख शिरेना. त्यात आमच्या प्रकारात अख्ख्या जिल्ह्यातून मी एकटीच आले होते. दुष्काळात तेरावा महिना! एकच नाव आहे तर स्पर्धा कशाला, असं तिथल्या लोकांनी ठरवलं. माईकवाला थेट माझ्याकडं आला. "ही शूर मुलगी इथवर आली, हाच तिचा विजय! जोरदार टाळ्या!" टाळ्या झाल्या. कुणीतरी माझ्या मांडीवर बक्षिसाचा स्टीलचा डबा ठेवला. "दोन शब्द बोल, बाळा," म्हणत माईकवाल्यानं माईक माझ्या तोंडापुढं धरला.

त्याला वाटलं मी आभार मानीन. रेघ दहा पावलांवर होती आणि मी परत सतरंजीवर, मुलींनी काढलेल्या चपलांशेजारी. माझं डोकंच सणकलं.

"मी गोळा टाकायला आलेय," मी म्हणाले. आवाज सगळ्या मैदानावर गेला. "आणि ती स्टेजवरची खुर्ची आमची हाय. ती द्या."

सरांनी कपाळाला हात लावला. मग ते भरघोस पाहुणे उठले, खुर्ची स्वतः उचलून खाली घेऊन आले आणि म्हणाले, "घे माय. माझ्यापरीस तुला जास्त कामाची हाय." दुसरी खुर्ची नव्हती, म्हणून ते पुढं उन्हात उभेच राहिले. आपण होऊन खुर्ची सोडणारा पाहुणा मी नंतर फारसा बघितला नाही.

आता मेखांचं काय? आमच्या खो-खोच्या मुली न बोलावता उठल्या. चपला तिथंच सोडून त्या रेघेआत गेल्या आणि खुर्चीचा एकेक पाय दोघीदोघींनी धरून बसल्या. मी कॅलिपर आणि बूट काढले, दोघींच्या खांद्यावर हात टाकून आत गेले आणि खुर्चीवर बसले. बसल्याबरोबर, सवयच ती, मी मागं वळून ओरडले, "चपला कोण राखतंय?"

"मी हाय की," सर म्हणाले.

सतरंजीवर, चपलांच्या ढिगापाशी, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या पँटमध्ये ते मांडी घालून बसले होते. माझं कॅलिपर आणि बूट त्यांनी मांडीवर घेतले होते, कुणी चोरून नेईल अशी भीती असल्यासारखे दोन्ही हातांनी धरून.

मी तीनदा गोळा ढकलला. तिसरा सगळ्यात लांब गेला. अंतर मी सांगणार नाही. एकटीच होते, त्यामुळं पहिलीही मीच आणि शेवटचीही मीच. टेप धरायला मुली धावल्या, पाहुण्यांनी वाकून बघितलं. सर मात्र जागचे उठले नाहीत. मोजणारा आकडा ओरडला तेव्हा त्यांनी बसल्या जागेवरून शिट्टी वाजवली, लांबलचक, दम संपेपर्यंत.

नंतर त्यांनी स्वतः माझ्या पायाला कॅलिपर चढवलं. त्यांना ते कुठं येत होतं? सगळे पट्टे उलटे बांधले, बकल आत आलं. निलंग्यापर्यंत ते मांडीला टोचत होतं. मी ते सोडून नीट बांधलं नाही. तशीच बसून राहिले.