कल्याणच्या शेडमधली ओ

संपादक महाराज, तुमच्या या सदरात लोक जे अनुभव लिहून पाठवतात, ते मी नियमाने वाचतो आणि नियमाने हसतो. कोणाला पिंपळाखाली बाई दिसते, कोणाची बैलगाडी भर रस्त्यात आपोआप थांबते... मी ठाणे स्टेशनात तारमास्तर. तारेचं यंत्र कट्ट-कट्ट वाजलं की ते कागदावर उतरवायचं. ते वाजवणारा हाडामांसाचा माणूस पलीकडच्या स्टेशनात बसलेला असतोच असतो. पलीकडे माणूस नाही तर आवाज नाही — एवढंच माझं शास्त्र. त्यामुळे पुढचं लिहिताना माझा मलाच जरा राग येतोय.

आमचं घर माजिवड्याच्या अंगाला, खाडीकाठी. पिढ्यान्‌पिढ्या मिठागरात राबलेली माणसं आम्ही. माझी थोरली बहीण — आक्का — जवळच्याच गावात दिली होती. तिचा नवरा धर्मा, म्हणजे आमचे दाजी. दाजींना मिठागराचा कंटाळा आला आणि ते रेल्वेत फायरमन झाले, इंजिनाच्या भट्टीत कोळसा टाकायच्या कामावर. मला शाळेत घाला, इंग्रजी शिकवा, म्हणून आमच्या बापाशी भांडले तेही दाजीच. नाहीतर मी आज फावडं घेऊन मीठ ओढत असतो.

दाजींची ड्यूटी बहुतेक एकाच इंजिनावर असायची. लाईन सुरू झाली त्या काळातलं जुनं इंजिन. घरी आले तरी त्याच्याच गोष्टी — आज चढावर कसं धापा टाकत होतं, साहेब ड्रायव्हर कसा वैतागला! आक्का त्या इंजिनाला ‘सवत’ म्हणायची. "जा, तुमची सवत वाट बघतेय," म्हणायची. दाजी म्हणायचे, "अगं, सवत तुझी. माझी कशी होईल?" मग दोघं हसायची.

एका श्रावणात सकाळी दोघांचं वाजलं. कारण काय, तर कालवणात मीठ जास्त झालं. मिठागरवाल्यांच्या घरात! दाजी न जेवता ताटावरून उठून गेले. आक्काला राहवेना. ती फडक्यात भाकऱ्या बांधून ठाणे स्टेशनात धावत आली. मालगाडी हलत होती. दाजी इंजिनावर पाठमोरे, भट्टीशी वाकलेले.

आक्काने हाक मारली, "अहो... अहो!"

फलाटावरचे चार पुरुष वळले. गार्ड वळला, पाणीवाला वळला. दाजी तेवढे वळले नाहीत. ‘अहो’ काय, जगातला प्रत्येक नवरा ‘अहो’च असतो. नाव घेऊन हाक मारली असती तर कदाचित वळले असते. पण नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, हे आमच्याकडे पोरीला चालायला लागल्यापासून शिकवतात. गाडी गेली. भाकऱ्या हातातच राहिल्या.

त्याच संध्याकाळी खडवलीच्या पुढे नदीला पूर आला म्हणून गाडी थांबवली. रूळ शाबूत आहेत का बघायला दाजी कंदील घेऊन पायी पुढे गेले... ते आलेच नाहीत. ना माणूस सापडला, ना देह.

आक्काने कुंकू पुसलं नाही. देह मिळाला नाही तर पुसायचं कशाच्या आधारावर? दारात कोणी आलं की ती उठून बघायची. अशी बारा वर्षं गेली. बारा वर्षं माणूस बेपत्ता राहिला की तो मेला असं धरायचं, पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, आणि त्या दिवसापासून बायको विधवा — ही आपल्याकडची रीत. आक्काचे सासरे थकले होते. आपल्या डोळ्यांदेखत मुलाला गती मिळावी एवढीच त्यांची इच्छा. वाईट माणूस नव्हे... सांगताना स्वतःच ढसाढसा रडले. भटजींनी अमावास्येचा दिवस धरला. आक्का चुलीपाशी बसून राहिली.

नंतर मला हळूच म्हणाली, "भाऊ, त्याच्या आधी मना एकदा सवतीकडं ने."

त्या वेळी कल्याणच्या शेडमध्ये एक नवलच चाललं होतं. तिथल्या साहेबाच्या मनात आलं, की दाजींचं हे म्हातारं इंजिन भंगारात घालायचं नाही. पुन्हा होतं तसं घडवायचं, रंगवायचं आणि लोकांना बघायला शेडच्या दारात उभं करायचं. रविवारी दुपारी काम बंद असलं की ते बघू द्यायचे. लोक पोराबाळांना घेऊन यायचे. बायका तर इंजिनाला हळदकुंकू वाहायच्या, साहेब कपाळाला हात लावायचा.

आम्ही गेलेलो तेव्हा गर्दी ओसरली होती. आमच्या ओळखीचा ठाण्याचा पास्कू तिथे फिटर होता. त्याने आत नेलं. इंजिन कसलं... चाकं एकीकडे, चिमणी एकीकडे. बॉयलर उचलून लाकडी ठोकळ्यांवर ठेवलेला, गंज खरवडून लालभडक झालेला.

"पोट रिकामं केलंय हिचं," पास्कू म्हणाला. "आतल्या नल्या सगल्या काढल्या. बगा, आरपार दिसतं."

मी वाकून बघितलं. नळ्यांच्या भोकांतून पलीकडचा उजेड दिसत होता. आत मांजरसुद्धा नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो.

आक्का भट्टीच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. याच तोंडात दाजींनी वर्षानुवर्षं कोळसा टाकलेला. तिने कडेच्या लोखंडावरून हात फिरवला. पास्कूने सहज विचारलं, "बाय, नाव काय होतं तुज्या घोवाचं? मी वलखत असंन."

मी नाव सांगायला तोंड उघडलं, तर आक्काने मला हाताने थांबवलं. मग भट्टीत वाकली आणि म्हणाली, "अहो."

काही नाही. तिचाच आवाज आत घुमला आणि विरला.

तिने पदर डोक्यावर नीट घेतला. आणि मग जन्मात पहिल्यांदा, मोठ्याने, तिने हाक मारली —

"धर्माऽऽ!"

बहिणीच्या तोंडून दाजींचं नाव! आणि मी तिच्याकडे बघतोय तोवर आतून आवाज आला,

"ओऽ..."

भुतासारखा वगैरे नाही हो. हातात काम असलेल्या माणसाला कोणी जेवायला हाक मारावी आणि त्याने मागे न बघता ओ द्यावी, तसा. थोडा दमलेला, थोडा वैतागलेला. दाजींचा. ज्या माणसाने मला हाताला धरून शाळेत नेलं, त्याचा आवाज मी ओळखणार नाही?

मी धावत पलीकडच्या टोकाला गेलो. कोणी नाही. खाली वाकलो, ठोकळ्यांमागे बघितलं, शेडच्या बाहेर जाऊन आलो. कोणी नाही. पास्कूने छातीवर क्रूस केला. मी म्हटलं, घुमला असेल आवाज. मग मी स्वतः भट्टीत तोंड घालून ओरडलो, "धर्माऽऽ!" आतून आलं, "मा... मा..." पास्कू ओरडला. त्यालाही "मा... मा..." तुम्हीच सांगा, ‘धर्मा’ची ‘ओ’ कशी होईल?

"आक्का, तू परत हाक मार," मी म्हणालो.

"नाय."

"अगं, एकदाच. मला नीट ऐकू दे..."

"दिली ना एकदा ओ?" ती म्हणाली. "कामावरच्या मानसाला सारखी सारखी हाक मारू नये."

तिचा चेहरा... कसं सांगू? बारा वर्षांत मी तिला तसं बघितलं नव्हतं. मला तेव्हा तिचा हेवा वाटला, खरंच सांगतो. मलाही दाजी हवे होते. मलाही त्यांनी ओ द्यायला हवी होती.

घरी आल्यावर तिने सासऱ्यांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि सांगितलं, पुतळा करायचा नाही. सासरे म्हणाले, "पोरी, त्याला गती कशी मिलंल?"

"मामंजी," आक्का म्हणाली, "ओ देनाऱ्या मानसाला कोन जालतं का?"

म्हाताऱ्याने भटजींना नको म्हणून सांगितलं. भटजी चिडून गेले. विधी राहिला तो राहिलाच.

मी आपल्या परीने शोध घेतला. एका शिकलेल्या साहेबाला विचारलं, तो म्हणाला लोखंड उन्हाने तापलं की आवाज करतं. करत असेल. पण लोखंडाला दाजींचा आवाज कसा येतो, ते त्याला सांगता येईना. दुसरा एक म्हणाला, तुमच्या मनाचा खेळ. मग पास्कूने का ऐकलं? नाव कळलं तेव्हा निघालं, की त्याने तर दाजींना कधी पाहिलंही नव्हतं. आणि समजा ते दाजीच, तर मग ते जिवंत की मेलेले? जिवंत माणूस रिकाम्या बॉयलरमध्ये कशाला बसेल... आणि मेला असेल तर एवढा दमलेला का वाटला?

गेल्या मार्गशीर्षात आक्का गेली. सासरे कधीच वारले होते, पास्कूही आता हयात नाही. अंगणात बायका तिला न्हाऊ घालून बसल्या आणि तिथे वाद सुरू झाला. सवाष्ण म्हणून हिरवं लुगडं नेसवून, मळवट भरून न्यायची, की विधवा म्हणून पांढऱ्यात? एकीचं म्हणणं, नवरा जाऊन किती वर्षं झाली, लोक काय म्हणतील! दुसरीचं म्हणणं, विधी झालाच नाही तर विधवा कशी? शेवटी आक्काची जाऊ माझ्यापुढे आली. "मास्तर, तुमी शिकलेले. तुमीच सांगा आता. भावोजी हायेत का नायेत?"

सगळे माझ्याकडे बघत होते. माझं सगळं शास्त्र मला आठवलं. मी म्हणालो, "ते मला माहीत नाही, वहिनी. पण तिने हाक मारली तेव्हा त्यांनी ओ दिली. ती मी या कानांनी ऐकली आहे."

"मंग?"

"हिरवं आणा," मी म्हणालो.