अर्धा डाव

नांदेडला कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात तो माझ्याशेजारी बसला होता. पन्नाशीचा असेल. माऊस दाबावा तसं त्याचं बोट गुडघ्यावर सारखं चालू होतं. ड्रॅगन आणि किल्ल्यांच्या एका गेमचे सगळे भाग तो खेळला होता, पण नव्यावर भडकला होता.

"चित्रं लई भारी केली, पन एका मशीनवर दोघांनी पाळीपाळीनं खेळायचं काढून टाकलं. पुढच्या भागात तरी आणावं."

"तुम्ही कुणासोबत खेळता?"

"भावासंगं. वारला तो. जुन्या भागातला डाव अर्धा हाय, पाळी त्याची हाय. रोज मशीन लावतो, त्याचं नाव बघतो, बंद करतो. परवापासनं मशीनच चालू होईना, म्हणून इथं आणलं."

तेवढ्यात दुकानदारानं डिस्क आणून त्याच्या हातात ठेवली. "काका, हार्ड डिस्क गेली. त्यातलं काहीच निघालं न्हाई."

गुडघ्यावरचं बोट थांबलं. त्यानं डिस्क रुमालानं पुसली आणि मलाच विचारलं, "मंग आता पाळी कुणाची?"