मुतारेहून आलेला वाडगा

इकडे इंग्लंडात आमच्या साउथहॅम्प्टनच्या चर्चने झिंबाब्वेतल्या एका धर्मप्रांताशी नातं जोडलं. तेव्हा, म्हणजे नव्वदीच्या सुरुवातीला, मी हॉस्पिटलात वॉर्ड सिस्टर होते. जाणाऱ्या गटात नाव दिलं तशी नवरा म्हणाला, "सुट्टी नगरला जायला साठवली होतीस ना?"

"नगर कुठे पळून जात नाही," म्हटलं आणि निघाले.

जाणार असाल तर ऐका, जुलैत तिकडे हिवाळा, स्वेटर न्या. आफ्रिका म्हणून मी नुसते सुती कपडे भरले आणि रोज पहाटे कुडकुडले. हरारे ते मुतारे रस्ता झकास. पुढे गावापर्यंत लाल धुरळा आणि पाठीचा पार खुळखुळा. जेवायला साड्झा, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, पालेभाजीबरोबर हाताने खायची. आमच्या चर्चचे पाळक पीटर काटा-चमचा शोधत बसले. मी दोनदा मागून घेतली.

उतरलो आमाई टेंडाईकडे. आमाई म्हणजे आई. तिकडे बाईला मुलाच्या नावाने हाक मारतात. चर्चच्या महिला मंडळाची ती प्रमुख. दुसऱ्याच दिवशी तिने इंग्रजीत विचारलं, "आम्ही तुमच्याकडे कधी यायचं?" आमची सगळी मंडळी चहाच्या कपात बघायला लागली.

निरोपाच्या दिवशी बायका टाळ्या वाजवत आल्या. आमाईच्या हातात एनॅमलचा वाडगा, भाजलेल्या शेंगदाण्यांनी भरलेला. त्या वर्षी पावसाने दगा दिला होता. पीटर मायेनेच म्हणाले, "नको, तुम्हालाच ठेवा. तुम्हाला जास्त गरज आहे."

टाळ्या थांबल्या. आमाईचा चेहरा असा उतरला की माझं डोकंच सटकलं. प्रेमाने दिलेलं परत करायचं? मी पुढे झाले, तिथल्या बायकांसारखे गुडघे टेकले, दोन टाळ्या वाजवल्या आणि दोन्ही हातांनी वाडगा घेतला.

"आमच्यात शेजारणीचं भांडं रिकामं परत करत नाहीत," मी म्हटलं. "हे भरून देईन. न्यायला मात्र तुम्हीच यायचं."

बोलून तर बसले! घरी आल्यावर कमिटीने जुन्या कपड्यांची खोकी पाठवायचं ठरवलं. आमाईला बोलवा म्हटलं की व्हिसा कठीण, थंडी सोसणार नाही, एक ना दोन. मी दर मीटिंगला वाडगा टेबलाच्या मधोमध ठेवायचे. शेवटी सेक्रेटरीबाई वैतागल्या, "तो जरा बाजूला ठेवशील का, प्लीज?"

"ठेवते की. आमंत्रण कधी पाठवताय?"

पुढच्या उन्हाळ्यात आमाई आली. भर जूनमध्ये माझा ओव्हरकोट घालून बंदरावर फिरली, चर्चमध्ये आमच्यासाठी प्रार्थना केली. निघायच्या दिवशी मी वाडगा शंकरपाळ्यांनी काठोकाठ भरला. पीटर हळूच म्हणाले, "मी देऊ?" आणि त्यांनी तो दोन्ही हातांनी दिला. आमाईने दोन टाळ्या वाजवून घेतला. मला रडू आवरेना.

त्या प्रवासातलं बरंच विसरले, फोटोही फिकटले. वाडगा मात्र अजून जातोय-येतोय. सध्या तो मुतारेला आहे. गुडघे काहीही म्हणोत, आणायला मीच जाणार.