नकाशातून सुटलेला ओढा

परवा निमगाव केतकीच्या पुढं एका वस्तीवर पुन्हा सर्व्हेला गेलो. पुन्हा म्हणतोय, कारण तीन वर्षांपूर्वी तिथला नकाशा मीच केला होता... माळापासून खालच्या उसापर्यंतचे चढउतार, ओढे, नाले, सगळं.

तेव्हा भर उन्हाळा. वस्तीवरच्या तात्यांच्या घरापाशी ओढा असा दिसतच नव्हता, ट्रॅक्टरनं सपाट करून ऊस लावलेला. त्यांच्या घरच्या काकू ताक घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, पावसात हितनं पाणी जातं बरं का."

खोलगट भाग जेमतेम दोन फूट खोल, आणि आम्ही नकाशावर उंचीच्या रेषा काढत होतो दर एक मीटर चढउताराला एक. दोन फूट त्यात कुठं दिसणार? "बघतो काकू" म्हणालो, ताक प्यायलो आणि पुढं गेलो. दीडशहाणा मी!

त्याच नकाशावरून तिथं उंच रस्ता झाला. नकाशात ओढा नाही, म्हणून रस्त्याखालून पाणी जायला मोरीच ठेवली नाही. गेल्या पावसाळ्यात माळावरचं सगळं पाणी रस्त्याला तटलं, फुगलं आणि घरात शिरलं... काकू गेल्या.

परवा गाडीतून उतरलो. तात्या एकटेच पत्र्याच्या नव्या खोलीबाहेर बसले होते. एका दमात सगळं सांगून टाकलं... काकूंनी बजावलं होतं, मी ऐकलं नाही, चूक माझी. वाटलं, कानफटात मारतील. मारली असती तर बरं वाटलं असतं.

तात्या म्हणाले, "मला बी म्हणायची, हितं ऊस नगं लावू. मी तरी कुठं ऐकलं?" आणि माझ्या हातातला मोजणीचा रॉड घेऊन उठले. "चला, पाणी कुठनं आलं ते दावतो."

ते पुढं, मी मागं. ते थांबतील तिथं रॉड उभा धरायचे, मी मोजणीच्या मशीनवर रीडिंग घ्यायचो. "हितं वळलं." "हितं आमची भिंत हुती." उसाच्या कडेला थांबले आणि म्हणाले, "हितं ती घावली."

मशीन प्रत्येक पॉइंटला नाव मागतं. विहीर, झाड, बांध... काहीतरी टाकल्याशिवाय पुढं जातच नाही. बोटं चालेनात. शेवटी 'ओढा' टाकलं आणि तिथंच बांधावर बसून रडलो.

तात्यांनी पाठीवर हात ठेवला. "उठा सायेब. खालच्या वस्तीकडनं बी असंच एक पाणी जातं. तितं लहान पोरं हायती."

उठलो. या वेळी आधी तात्यांचं सगळं ऐकून घेतलं, मग मशीन लावलं.