अंधाराचा मान

परवा संध्याकाळी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये अंधाराची पूजा झाली. तिसऱ्या मजल्यावरच्या शलाकाताई हल्ली विक्का नावाचा परदेशी निसर्गपंथ पाळतात. दिवस आणि रात्र सारख्याच लांबीची असतात तो दिवस, म्हणून त्यांनी आम्हा शेजाऱ्यांना गोल बसवलं आणि मधोमध एक पांढरी, एक काळी मेणबत्ती लावली. "उजेड आणि अंधार, दोघांचा मान सारखा. अंधाराला घाबरू नका, त्याला आईसारखं जवळ करा," त्या लाडिक आवाजात सांगत होत्या.

काळी मेणबत्तीही बिचारी उजेडच देत होती, वर तिला लव्हेंडरचा वास. असला ऑनलाइन मागवलेला, सुगंधी अंधार जवळ करायला काय जातं? जिन्यातला बल्ब गेला होता तेव्हा याच बाईंनी सोसायटीच्या ग्रुपवर दिवसभर थयथयाट केला होता.

मग मेणबत्त्या विझवल्या. अंधार अनुभवायचा, तोही म्हणे डोळे मिटून! थोड्या वेळाने कुणीतरी ट्यूबलाइट लावली. तिन्हीसांजेला घरात दिवा लागला की जोडतो, तसे सगळ्यांचे हात त्या ट्यूबकडे बघून आपोआप जोडले गेले. शलाकाताईंचे सगळ्यांत आधी. अंधार झाला तेव्हा मात्र त्याला एकानेही नमस्कार केला नव्हता.

मला हसू आवरेना. ते दाबायला तोंडावर हात न्यायला गेलो, तर तो दुसऱ्या हाताला जोडलेला.